बासी ईद, धरण आणि आपली मुले

ईदचा दुसरा दिवस म्हणजे आमच्याकडे बासी ईद. पहिला दिवस नमाज, कब्रस्तान, गळाभेटी आणि शीरखुर्म्यात जातो. दुसऱ्या दिवशी पोरांचे पाय घरात ठरत नाहीत. अंगावर नवे कपडे, खिशात ईदी आणि मित्राची मोटरसायकल. मग कोणी दौलताबादला जातो, कोणी खुल्दाबादला, कोणी म्हैसमाळला. आणि पुष्कळजण पाण्यावर जातात. पाण्यावर म्हणजे जायकवाडीला, नाहीतर गावाबाहेरच्या एखाद्या पाझर तलावावर.

काही वर्षांपूर्वी अशाच एका बासी ईदला दुपारी मला फोन आला. आमच्या शाळेतला नववीचा एक मुलगा तलावात बुडाला होता. माझ्या मराठीच्या तासाला तो दुसऱ्या बाकावर बसायचा. 'शाळा'ला 'शाला' लिहायचा आणि मी लाल शाईने गोल केले की हसायचा. त्याच्यासोबत पाच मित्र होते. सहापैकी एकालाही पोहता येत नव्हते.

पण मला आजही झोपू देत नाही ती वेगळीच गोष्ट. मित्र पाण्याखाली गेल्यावर या मुलांनी बाजूच्या शेतातल्या माणसाला लगेच हाक मारली नाही. घरी फोनही केला नाही. बराच वेळ ती काठावर नुसती बसून राहिली. कारण एकच, कोणीच घरी सांगून आले नव्हते. त्यांतला एकजण नंतर मला म्हणाला, "सर, अब्बा मारेंगे करके डर गए थे. हमें लगा वो अपने आप ऊपर आ जाएगा." लगेच हाक मारली असती तर तो वाचलाच असता, असे मी म्हणणार नाही. पण बापाच्या माराची भीती मित्राच्या जिवापेक्षा मोठी ठरली, हे विसरता येत नाही.

जनाज्याच्या नमाजनंतर दोन वाक्ये सगळीकडे ऐकू आली. एक, "शहीद की मौत मिली. लिखी थी." दुसरे, "आता कोणाचेच पोरगे पाण्याकडे सोडायचे नाही." दुसरे वाक्य मीही वर्गात म्हणालो. आवाज चढवून म्हणालो. पुढच्या ईदला त्याच वर्गातली मुले त्याच तलावावर गेली होती, हे मला महिनाभराने कळले. फरक एवढाच पडला की या वेळी त्यांनी आणखी गुपचूप बेत केला होता.

त्या दिवसापासून माझे मत बदलले. मुलांना पाण्यापासून दूर ठेवणे हा उपाय नाही. त्यांना पाणी शिकवणे हा उपाय आहे. आज तेच मांडायचे आहे.

पाण्याची ओढ का आहे

मराठवाड्याबाहेरच्या वाचकाला वाटेल, तलाव बघण्यात एवढे काय आहे? आमच्याकडे पाणी दिसणे हीच घटना असते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूरला द्यावे लागले होते. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या वस्तीत जो मुलगा वाढतो, ज्याचे लहानपण रिकाम्या ड्रमांच्या रांगेत जाते, त्याला समोर क्षितिजापर्यंत पाणी दिसले तर तो धावत सुटणारच. त्याला दोष कसा द्यायचा?

आणि जायकवाडीचे पाणी खरोखर क्षितिजापर्यंत आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते या धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण झाले. धरणाची लांबी सुमारे दहा किलोमीटर, दरवाजे सत्तावीस, जलाशयाचा पसारा साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास. संत एकनाथांच्या पैठणला हे पाणी अडवले म्हणून नाव नाथसागर. या पाण्याखाली शंभराहून अधिक गावांची शेते, घरे, देवळे आणि कबरी गेल्या, हेही मुलांना सांगायला हवे. ज्या पाण्यावर आपण मजा करायला जातो, त्याची किंमत कोणीतरी मोजलेली आहे.

पाण्याकाठी जाणे ही काही मोबाइलच्या पिढीने काढलेली फॅशन नाही. आमच्या शहराचा जन्मच पाण्याच्या हिकमतीतून झाला. मलिक अंबरने खडकी वसवली आणि सतराव्या शतकात डोंगरातले पाणी भूमिगत नहरीने शहरात आणले. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळच्या पाणचक्कीत नळातून आलेल्या पाण्याच्या जोरावर जाते फिरायचे आणि फकिरांसाठी, विद्यार्थ्यांसाठी पीठ निघायचे. आजही तिथल्या हौदाच्या काठावर माणसे तासन्‌तास बसतात. खुल्दाबादला परियों का तालाब आहे. दिल्ली दरवाजाजवळच्या जुन्या तलावाला आता पक्षीतज्ज्ञ सालिम अलींचे नाव आहे. आपल्या बुजुर्गांनी पाण्याकाठी दर्गे बांधले, बागा लावल्या, मदरसे चालवले. मग आपल्याच घरात "तलावावर गेला होता" हे वाक्य चोरी पकडल्यासारखे का उच्चारले जाते?

तकदीर आणि उंटाची दोरी

बुडून मेलेल्याला शहीदाचा दर्जा आहे, हे हदीसमध्ये आले आहे. त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. ज्या आईचे लेकरू गेले तिच्यासाठी तो फार मोठा दिलासा आहे आणि तो कोणी हिरावून घेऊ नये. पण दिलासा ज्याच्या घरी मय्यत झाली त्याच्यासाठी असतो. आपण बाकीचे लोक त्या दिलाशाची उशी करून झोपतो.

एका माणसाने रसूलुल्लाह (सल्ल.) यांना विचारले होते की उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू की मोकळा सोडून? त्यांनी आधी उंट बांधायला आणि मग भरवसा ठेवायला सांगितले. हा किस्सा आपण प्रत्येक बयानात ऐकतो. उंट आता राहिले नाहीत म्हणून दोरीही गेली काय? पोहायला शिकणे ही दोरी आहे. घरी सांगून जाणे ही दोरी आहे. गाडीत वीस हाताचा सोल टाकून नेणे ही तर अक्षरशः दोरीच आहे. ती न बांधता "लिखी थी" म्हणणे याला तवक्कुल म्हणत नाहीत. त्याला हलगर्जीपणा म्हणतात.

तलाव म्हणजे पोहण्याचा हौद नव्हे

मुलांना "पाणी धोक्याचे आहे" एवढेच सांगून भागत नाही. ते का धोक्याचे आहे हे सांगावे लागते. आमच्या पोरांना वाटते, काठावर गुडघाभर पाणी आहे म्हणजे चार पावलांवर कमरेइतके असेल. धरणात तसा हिशेब नसतो. खाली जुने नदीपात्र असते, नाल्याचे काठ असतात, बुडालेल्या गावांच्या विहिरी असतात. पाझर तलावातून उन्हाळ्यात शेतांसाठी गाळ नेतात, भरावासाठी मुरूम उचलतात, आणि पावसाळ्यात हे सारे खड्डे पाण्याखाली झाकले जातात. एक पाऊल गुडघाभर पाण्यात आणि दुसरे दोन पुरुष खोल, असे होऊ शकते. तळाशी काळ्या मातीचा चिखल असतो. पाय रुतला की माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस पाण्याशी भांडतो. वरचे पाणी उन्हाने कोमट लागते, खालचे थंड असते. अंगात जीन्स किंवा पठाणी सूट असेल तर तो भिजून जड होतो.

कालवा तर तलावापेक्षाही फसवा. पाणी संथ दिसते, पण ओढ असते. काँक्रीटचे उतार शेवाळाने गुळगुळीत झालेले असतात, धरायला काही सापडत नाही. धरणाखालच्या नदीपात्रात खडकावर बसून फोटो काढणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की दरवाजे उघडले तर कोरड्या दिसणाऱ्या जागेत पाणी यायला वेळ लागत नाही. भोंगा वाजला की चप्पल शोधत बसायचे नाही, वर यायचे.

आणखी दोन गोष्टी मी वर्गात फळ्यावर लिहितो. पहिली, बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्याच्या वर-खाली होत असते, श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, ओरडणार कुठून? मित्र अचानक गप्प झाला तर तो मस्करी करतोय असे समजू नका. दुसरी, त्याला वाचवायला उडी मारू नका. बुडणारा जो हाताशी येईल त्याला घट्ट धरतो आणि दोघे जातात. एका मागे एक तिघे-चौघे गेल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्या अशाच घडतात. काठावरून दोरी फेका, लांब काठी द्या, दोन-तीन ओढण्या गाठ मारून टाका, झाकण घट्ट लावलेला रिकामा पाण्याचा कॅन फेका. त्याच वेळी मोठ्याने हाका मारा आणि ११२ ला फोन करा.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगून किंवा पोट दाबून पाणी काढायचा प्रकार अजून चालतो. त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास बंद असेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा आणि छाती दाबायची असते. हे कागदावर वाचून जमत नाही, हाताने शिकावे लागते. मशिदीच्या हॉलमध्ये एखाद्या रविवारी डॉक्टरला बोलावून तासाभरात पन्नास मुलांना ते शिकवता येईल.

विहिरी गेल्या, पोहणेही गेले

माझे दादा पट्टीचे पोहणारे होते. त्यांच्या गावात मुलांच्या पाठीला सुका भोपळा किंवा रिकामा डबा बांधून विहिरीत ढकलून द्यायचे. वर कठड्यावर चुलते उभे असायचे. आठवड्याभरात पोरगे तरंगायला लागायचे आणि महिन्याभरात इतरांना शिकवायला लागायचे. त्यासाठी ना फी होती, ना फॉर्म.

आता गावातल्या विहिरी आटल्या, त्यांच्या जागी सहा इंची बोअर आले. बोअरमध्ये कोणी पोहायला शिकत नाही. आमची कुटुंबे गाव सोडून शहराच्या वस्त्यांमध्ये आली. तिथे मैदान नाही, मग जलतरण तलाव कुठून असणार? जो आहे तो शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि त्याची महिन्याची फी गॅरेजमध्ये काम करणाऱ्या बापाला जड जाते. म्हणजे दादाला पोहता येत होते, बापाला थोडेफार येत होते, नातवाला अजिबात येत नाही. आणि नातवाकडे धरणापर्यंत पोचवणारी मोटरसायकल मात्र आहे. धोका इथे आहे. पोरे बिघडली म्हणून ती बुडतात असे नाही. त्यांना पाण्यापर्यंत नेणारे साधन मिळाले आणि पाण्यातून बाहेर आणणारे कसब हरवले.

देशात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसे बुडून मरतात. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ पासून २५ जुलै हा दिवस बुडण्याचे अपघात टाळण्यासाठी ठरवला आहे. आमच्या शाळांत नाना दिवस साजरे होतात. भर पावसाळ्यात येणाऱ्या या दिवशी एक तास द्यायला काय हरकत आहे?

मुलींचे काय

इथवर मी मुलांविषयीच लिहिले, हे वाचणाऱ्या भगिनींच्या लक्षात आले असेल. कारण मुली पाण्यापर्यंत पोचतच नाहीत. आमच्या घरची सहल आठवून बघा. पुरुष पाण्याकडे जातात. बायका झाडाखाली चटई टाकतात, बिर्याणीचे पातेले उघडतात, लहानग्यांना सांभाळतात, भांडी आवरतात. परतताना म्हणतात, "अच्छा लगा, हवा अच्छी थी." पाणी त्यांनी लांबूनच पाहिलेले असते.

हजरत आयशा (रजि.) यांनी रसूलुल्लाह (सल्ल.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली होती, एकदा त्या जिंकल्या होत्या, हे हदीसच्या किताबांत आहे. खेळणे-बागडणे हे फक्त मर्दांचे काम आहे, हे आपण कुठून आणले? पडद्याचा प्रश्न असेल तर त्यावर मार्ग आहेत. जलतरण तलावात महिलांसाठी राखीव वेळ आणि महिला प्रशिक्षक मागता येतात. अंगभर झाकणारा पोहण्याचा पोशाख आता बाजारात मिळतो. अडचण पडद्याची कमी आणि आपल्या कंटाळ्याची जास्त आहे.

हा प्रश्न केवळ मौजेचाही नाही. काठावर मूल खेळताना घसरले तर सर्वांत जवळ आईच असते. तिला पाणी अजिबात माहीत नसेल तर ती ओढीने पाण्यात शिरते, आणि मग एका घरातून दोन जनाजे निघतात. आईला पोहता येणे, निदान दोरी फेकता येणे, ही त्या मुलाची सुरक्षा आहे.

पाणी सगळ्यांचे

आता एक कडू गोष्ट. आपण उठून गेल्यावर ती जागा कशी दिसते? थर्माकोलच्या प्लेटा, कोल्ड्रिंकच्या बाटल्या, हाडे, लहान मुलांचे डायपर. हे फक्त आपणच करतो असे नाही, सगळेच करतात. पण इतरांची घाण दाखवून आपली धुतली जात नाही. पाण्याच्या जागी, वाटेवर आणि सावलीत घाण करणाऱ्यावर लोकांची लानत पडते, असा इशारा हदीसमध्ये आहे. सहलीची जागा म्हणजे नेमकी या तिन्हींची बेरीज. शिवाय हेच पाणी उद्या नळाने आपल्या घरी येणार असते. वुजू त्याच पाण्याने करायचा असतो.

आणि त्या पाण्यावर आपल्याआधी राहणारे आहेत. जायकवाडी हे पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथे दूरदेशीची बदके येतात, रोहित येतात. तिथे गाडीच्या स्पीकरवर कव्वाली लावा नाहीतर डीजे, पाखरांना दोन्ही सारखेच. सालिम अली मुंबईच्या एका मुस्लिम घरातले. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने मारलेली एक चिमणी त्यांना ओळखता येईना. त्या कुतूहलातून त्यांनी पुढचे आयुष्य पक्ष्यांना दिले. त्यांच्या नावाचा तलाव आमच्या शहरात आहे, पण त्या नावामागचा माणूस कोण, हे माझ्या वर्गात चाळीसपैकी तिघांना माहीत होते. दुर्बीण नसली तरी चालेल. तासभर गप्प बसून बघायला शिकवले तरी सहलीचे सोने होईल.

अलीकडे दाढी-टोपीतली चार पोरे पाण्याकाठी दिसली की काहींच्या नजरा बदलतात, मोबाइल निघतात, "कहाँ से आए हो" विचारले जाते. माझ्या विद्यार्थ्यांनी हे सोसले आहे. ते चूकच आहे आणि चूक म्हणायला मी कचरणार नाही. सार्वजनिक पाण्यावर कोणाच्या बापाची मालकी नाही. पण हे म्हणताना आपलाही एक हिशेब देणे लागते. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला आले होते. रमजानचा महिना होता. प्रवासाने धुळीने माखलेल्या त्या मंडळींपैकी काहींनी दरवाजाजवळच्या हौदावर हातपाय धुतले. तेव्हा हौद बाटवला म्हणून आरडाओरड करणारे, शिव्या देणारे मुसलमान होते. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत हा प्रसंग लिहून ठेवला आहे. आमच्या घरापासून हा किल्ला फार लांब नाही. मी मुलांना तिथे नेतो तेव्हा ही गोष्ट सांगतो, आणि मान खाली घालून सांगतो. ज्या दिनने पाण्यात भेद शिकवला नाही, त्याच्या मानणाऱ्यांनी तो केला. म्हणून आज पाणी सगळ्यांचे म्हणताना 'सगळे' या शब्दात कोणीही सुटता कामा नये.

मग करायचे काय

ईदच्या आधीच्या जुम्म्याला इमामसाहेबांनी बयानातली पाच मिनिटे पाण्यासाठी द्यावीत. मशीद कमिटीने किंवा बैतुलमालने दहा मुलांची आणि दहा मुलींची पोहण्याची फी भरावी. आपण जेवणावळींवर जेवढा खर्च करतो, त्याच्या तुलनेत तो काहीच नाही. महापालिकेकडे वस्तीजवळ जलतरण तलाव आणि महिलांची वेळ मागावी. पाटबंधारे खात्याकडे आणि ग्रामपंचायतींकडे मागणी करावी की जिथे लोक जातातच, तिथे खोलीची खूण, दोरी, तरंगणारी कडी आणि सुट्टीच्या दिवशी एक पोहणारा माणूस ठेवा. नुसता "पोहण्यास मनाई" असा गंजलेला फलक म्हणजे सरकारी "लिखी थी" आहे.

आणि घराघरांत एक वचन द्यावे. पाण्यावर काही विपरीत घडले तर मुलाने आधी फोन करायचा, आणि त्या फोनवर बापाने एकही शब्द रागाचा बोलायचा नाही. रागवायला नंतर आयुष्य पडले आहे.

मी आता दोन्ही ईदच्या आधी एक तास याच विषयावर घेतो. 'जाऊ नका' म्हणत नाही. कुठे जाणार, कोण कोण, कोणाला पोहता येते, एवढे विचारतो. गेल्या बासी ईदला सकाळी एका विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, सातजण आहोत. दोघांना पोहता येते. घरी सांगितले आहे, दोरी घेतली आहे. आम्ही काठावरच बसणार, पाण्यात पाय सोडून." मी म्हणालो, "जा बेटा. संध्याकाळी परत आलात की फोन कर."

साडेसहाला फोन आला. तोवर मी तीनदा घड्याळ पाहिले होते.